बाळंतिणीला कोण विचारतं?

'आई प्रसन्न तर बाळ शांत' असं एका लेखात वाचलं. हे वाक्य खोटं नाही, पण ओल्या बाळंतिणीला ते ऐकवू नये असं माझं मत. माझ्या पहिल्या बाळंतपणात आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं साग्रसंगीत झालं. तरी दुसऱ्या महिन्यात लेकीला पाजताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे. ती दूध पिता पिता थांबायची, माझ्या तोंडाकडे टक लावायची, एक हुंकार द्यायची आणि मान वळवायची. सासूबाईंनी दृष्ट काढली. अर्थात तिचीच!

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला प्रयोग मी फार उशिरा वाचला. त्यात आई काही मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बाळ आधी हसून, हातवारे करून तिला बोलावतं, मग तोंड फिरवतं. वाचून पोटात गोळा आला. पण आई-बाळाचा सूर बिघडणं रोजचंच, तो पुन्हा जुळवणं महत्त्वाचं, हेही त्यांचंच म्हणणं. ते मात्र कुणी सांगत नाही.

बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरायला एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे. फक्त १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांबद्दल. लसीच्या दिवशी बाळाचं वजन होतं, तेव्हाच आईला हे विचारता येईल की! मला कुणी विचारलं नाही. धाकट्या जावेला मी नुसतं "झोप लागते का गं?" विचारलं, तर दुपट्यांच्या घड्या घालता घालता ती रडायलाच लागली.