लॉकियर विजयदुर्गाला आले, पण १८९८ साली

ऑगस्ट उजाडला की एक मजकूर फिरायला लागतो. देवगड, कणकवलीच्या ग्रुपांवरून निघतो आणि मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपांवर पोचतो. त्याचा सारांश असा: १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं. तिथेच त्याला हेलियम सापडला. त्याच्या दुर्बिणीसाठी बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ आजही साक्ष देतात. म्हणून विजयदुर्ग हे हेलियमचं पाळणाघर, आणि कोकणाला कायम डावलणाऱ्या इतिहासकारांनी ही गोष्ट दडपली.

ग्रहण खरं आहे. लॉकियर खरे आहेत. त्यांचं विजयदुर्गाला येणंही खरं आहे. तारीख मात्र चुकीची, आणि ती चुकीची असल्यामुळे मागची सगळी गोष्ट कोसळते. मला जास्त लागतं ते हे की या मजकुराखाली विजयदुर्गाची खरी घटना गाडली गेली आहे.

‘१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर विजयदुर्गावर होते.’

नव्हते. त्या दिवशी ते इंग्लंडात होते. वय ३२, पोटापाण्याला लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनी, आणि उरलेल्या वेळात सूर्याचा अभ्यास. सूर्यप्रकाशाचं पृथक्करण करण्यासाठी त्यांनी एक शक्तिशाली वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता. तो हातात यायला १६ ऑक्टोबर १८६८ उजाडला, म्हणजे ग्रहण उलटून दोन महिने होत आले होते. चारच दिवसांत, २० ऑक्टोबरला, त्यांनी इंग्लंडातूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या आणि लगेच रॉयल सोसायटीला कळवलं. सुएझचा कालवा खुला झाला नोव्हेंबर १८६९ मध्ये. त्याआधी विलायतेहून मुंबई गाठणं हा महिन्याभराचा प्रवास होता. खात्यातल्या कारकुनाने तो केला असता तर त्याची कुठे ना कुठे नोंद राहिली असती.

शिवाय महिना कुठला, ते पाहा. ऑगस्ट! कोकणात राहणाऱ्या माणसाला हे सांगायची गरज पडू नये. ऐन पावसाळ्यात, समुद्रावरून ढगांमागून ढग येत असताना, काही मिनिटांच्या ग्रहणासाठी कोणता खगोलशास्त्रज्ञ आपली यंत्रं घेऊन कोकण किनाऱ्यावर बसेल? त्या ग्रहणासाठी जे आले ते घाटापलीकडे गेले. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते, कॅप्टन हेग विजापूरला, फ्रान्सचे पिएर जान्सेन आणि मेजर टेनंट गुंटूरला, तर मद्रासच्या वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला.

‘ग्रहण पाहतानाच लॉकियरना हेलियम सापडला.’

इथे थोडं थांबायला हवं, कारण या वाक्याने लॉकियर यांच्या कामाचा गाभाच उलटा होतो. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाला एरवी त्याच्या झगझगाटात दिसत नाहीत. ग्रहणात चंद्राने बिंब झाकलं की दिसतात, म्हणून शास्त्रज्ञ ग्रहणामागे देशोदेशी धावत. लॉकियर यांनी वेगळा विचार केला. प्रकाश वर्णपटात, म्हणजे रंगांच्या पट्ट्यात, पुरेसा फाकवला तर झगझगाट सगळ्या रंगांत पसरून फिका पडेल, ज्वालांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांतच एकवटलेला राहील, आणि त्या रेषा भर दिवसा दिसतील. ग्रहणाची गरजच उरणार नाही. २० ऑक्टोबरला त्यांनी हेच करून दाखवलं. तिकडे गुंटूरला जान्सेन यांनाही ग्रहणात त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण संपल्यावर, त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच सुमारास पोचली, आणि १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. ग्रहणाविना सूर्य वाचण्याची रीत शोधणाऱ्या माणसाचं सगळं श्रेय आपण एका ग्रहणाच्या पदरात टाकतो, हे मला त्यांच्यावर अन्याय करणारं वाटतं.

हेलियमचं म्हणाल तर, प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात त्याच्या ठरावीक रेषा असतात, आणि त्या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा सर्वांना माहीत होत्या, त्यांना डी-एक आणि डी-दोन म्हणत. ही तिसरी त्यांच्या अगदी शेजारी, पण त्यांच्यावर न बसणारी. लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत प्रयोगशाळेत ती मिळवण्याची खटपट केली. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थातून ती निघेना. तेव्हा सूर्यात असं काही आहे जे आपल्याला ठाऊक नाही, हा तर्क पुढे आला. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी भर सभेत ‘हेलियम’ हे नाव उच्चारलं. अनेकांना ते पटलं नाही. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. एका सकाळी एका किल्ल्यावर सापडावा असा हा शोध नव्हताच. त्याला सत्तावीस वर्षं लागली.

‘साहेबाचे ओटे १८६८ च्या ग्रहणाची साक्ष देतात.’

ओटे ग्रहणाची साक्ष देत असतील, तर ती २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाची. त्या दिवशी खग्रास ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून पुढे घाटावर, सोलापूरकडून विदर्भातून, वर उत्तर हिंदुस्थानात गेला. आणि यावेळी लॉकियर खरोखर आले. आता ते सर नॉर्मन होते, वय ६१, ‘नेचर’ या नियतकालिकाचे संस्थापक-संपादक. जानेवारीचं निरभ्र आकाश, समुद्रमार्गाने यंत्रं आणायची सोय आणि मदतीला आरमार, म्हणून त्यांनी विजयदुर्ग निवडला. कॅप्टन चिझम-बॅटन यांची ‘मेलपोमिनी’ ही युद्धनौका सोबत होती. तिच्यावरचे अधिकारी आणि खलाशी स्वयंसेवक म्हणून उभे राहिले. कलकत्त्याहून प्राध्यापक पेडलर आले होते. दिवसेंदिवस तालीम चालली: कोणी वेळ मोजायची, कोणी सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचं चित्र काढायचं, कोणी ताऱ्यांकडे लक्ष ठेवायचं. लोलक बसवलेले मोठे कॅमेरे मांडले, कारण या खेपेला मुख्य काम होतं सूर्याच्या वातावरणाचे वर्णपट छायाचित्रांत पकडण्याचं. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, तीही भर दुपारी. त्या दोन मिनिटांसाठी एवढी माणसं आणि एवढी यंत्रं आपल्या किनाऱ्यावर जमली होती! जड यंत्रं स्थिर उभी राहायला पक्के चौथरे लागतातच. लॉकियर यांचा तळ किल्ल्यात पडलेला १८९८ साली, तेव्हा ओट्यांचा संबंध कुठल्या वर्षाशी लावायचा हे उघड आहे.

घोटाळा कसा झाला असावा तेही दिसतं. माणूस तोच, ग्रहण खग्रासच, आणि १८६८ हे हेलियमच्या गोष्टीतलं प्रसिद्ध साल. त्यात आणखी एक धागा आहे. डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी लॉकियर हिंदुस्थानात आले होते, आणि तेव्हाही समुद्रकाठच्या एका किल्ल्यावरच होते. तो किल्ला बेकलचा, आज केरळात असलेला.

‘इतिहासाने हे दडपलं.’

रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये १८९८ च्या मोहिमेचे अहवाल छापले गेले आणि त्यांच्या शीर्षकातच ‘विझियाद्रुग’ आहे. जगातल्या जुन्या ग्रंथालयांत आपल्या गावाचं नाव शंभराहून अधिक वर्षं आहे. ते कोणी लपवलं नाही. आपण उघडून पाहिलं नाही.

त्याच दिवशी, त्याच सावलीखाली घाटावर काय चाललं होतं तेही या मजकुरात कधी येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला आपली मोहीम घेऊन उभे होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा उभारणारे हेच ते गृहस्थ. मुंबई-पुण्यात प्लेग थैमान घालत असताना एका हिंदी शास्त्रज्ञाने स्वतःच्या जबाबदारीवर ग्रहणमोहीम चालवली. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच होते. अभिमानच हवा असेल तर नायगामवालांचं नाव घ्यावं. ते किती शाळांत घेतलं जातं?

‘चुकीचं असलं म्हणून काय बिघडलं? गावाला पर्यटक मिळतात.’

हा युक्तिवाद चांगल्या माणसांकडून येतो म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं. बाहेरचा जाणता माणूस येतो, दोन मिनिटांत १८६८ ची गोष्ट खोडून काढतो, आणि मग गावाच्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नाही. विजयदुर्गाकडे तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. याच किल्ल्याने १७२० मध्ये इंग्रजांना आणि १७२४ मध्ये डचांना हात हलवत परत पाठवलं. आणि याच खाडीत १२ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रज आरमाराचा ॲडमिरल वॉटसन याच्या तोफगोळ्याने तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्यातलं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज पेटलं आणि आग जहाजामागून जहाज गिळत गेली. जमिनीवर क्लाइव्ह होता. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, म्हणून ही तारीख सांगायला आपल्याला जड जातं आणि तिचा मजकूर कोणी पुढे पाठवत नाही. वर्ष उलटायच्या आत, जानेवारी १७५७ मध्ये, याच वॉटसन आणि क्लाइव्हने कलकत्ता परत घेतलं, आणि त्याच १७५७ साली पुढे प्लासी झाली.

राहिला प्रश्न कार्यक्रमाचा. गेली काही वर्षं किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. मुलं येतात, विज्ञानाची भाषणं होतात. ते बंद पडावं असं मला मुळीच वाटत नाही. तो २२ जानेवारीला करावा. तेव्हा आकाश स्वच्छ असतं, योग्य गाळण्या (फिल्टर) लावून मुलांना सूर्याचे डाग दाखवता येतात, सोडियमचा दिवा आणून त्या दोन पिवळ्या रेषा त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या करता येतात आणि तिसरी नेमकी कुठे होती ते बोट ठेवून सांगता येतं. ‘मेलपोमिनी’च्या खलाशांसारखं गट पाडून, दोन मिनिटांत प्रभामंडळाचं चित्र काढायची स्पर्धाही घेता येईल. ऑगस्टच्या पावसात यातलं काहीच जमत नाही.