जिंकून येणारा की पटणारा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली सविस्तर आणि थोडी रागावलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदाराने प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, आपल्याला पटणाऱ्या माणसालाच मत द्यावे, ‘हा नोव्हेंबरात निवडून येईल का’ हा प्रश्न त्यानंतर विचारावा, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपले आक्षेप तीन आहेत. १९७२ साली जॉर्ज मॅकगव्हर्न यांना उमेदवारी देऊन पक्षाने तत्त्वनिष्ठेची हौस भागवून घेतली आणि ४९ राज्ये घालवली. २०२० साली जो बायडन यांच्यासारखा सर्वांना चालणारा माणूस निवडला म्हणूनच ट्रम्प हरले. आणि न्यू जर्सीसारख्या पक्षाच्या हक्काच्या राज्यात बसून मी उंटावरून शेळ्या हाकतो आहे. पराभवाची किंमत मोजणारे लोक निराळेच असतात.

या वादात मॅकगव्हर्न यांचे नाव निघणार हे मी धरूनच चाललो होतो. अर्धशतक उलटून गेले तरी या पक्षात कोणी जरा डावीकडे सरकले की त्यांचा बागुलबुवा पुढे केला जातो. मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन, मिळून १७ इलेक्टोरल मते (राज्य जिंकल्यावर मिळणारी, निकाल ठरवणारी मते), एवढीच त्यांची कमाई, हे खरे. पण १९८४ साली याच पक्षाने वॉल्टर मॉन्डेल यांना उभे केले, त्याचे काय झाले? मॉन्डेल माजी उपराष्ट्राध्यक्ष होते, कामगार संघटना त्यांच्या पाठीशी होत्या आणि पक्षयंत्रणेचा त्यांच्यावर भरवसा होता. उमेदवार ठरवण्यात पक्षातल्या जाणत्यांचा हात राहावा म्हणून निर्माण केलेले ‘सुपरडेलिगेट’ त्याच वर्षी प्रथम मतदानाला बसले आणि त्यांचा कलही मॉन्डेल यांच्याकडेच होता. निकालात मिनेसोटा आणि वॉशिंग्टन, मिळून १३ इलेक्टोरल मते पदरात पडली. म्हणजे भरवशाच्या उमेदवाराला बंडखोरापेक्षाही चार मते कमीच. दोन्ही वेळा समोर पदावर असलेला, दिवस चांगले चाललेला राष्ट्राध्यक्ष होता, हे कारण मला उमेदवाराच्या विचारांपेक्षा जड वाटते. शिवाय मॅकगव्हर्न यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडलेल्या टॉमस ईगल्टन यांच्या नैराश्यावरील उपचारांची बातमी फुटल्यावर आधी ‘हजार टक्के’ पाठिंबा जाहीर केला आणि मग काही दिवसांतच त्यांना बाजूला केले. हा ढिसाळपणा विचारांच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही.

आपल्या बाजूचा एक पुरावा आपण दिला नाहीत, तो मीच देतो. प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकांचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत असे दिसते की टोकाची भूमिका घेणारा उमेदवार प्रायमरीत निसटता जिंकला, तर सार्वत्रिक निवडणुकीत त्या पक्षाची मते घटतात. हे मला मान्य आहे. मात्र तिथे शेकडो लढतींची तुलना करता येते. राष्ट्राध्यक्षपदाची लढत चार वर्षांतून एकदा होते आणि प्रत्येक वेळी परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे एका १९७२ च्या आधाराने पन्नास वर्षे धोरण चालवणे मला शास्त्रापेक्षा भीतीचे लक्षण वाटते.

खरे तर आपण ज्याचा उल्लेखही केला नाही, ते २००४ साल या चर्चेत सर्वांत बोलके आहे. व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन इराक युद्धाला उघड विरोध करत होते आणि इंटरनेटवरून लहान लहान देणग्या गोळा करून २००३ च्या अखेरीस सगळ्यांच्या पुढे गेले होते. सिनेटर जॉन केरी यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांना युद्धाचा अधिकार देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते. तेव्हा सर्वांत आधी होणाऱ्या आयोवाच्या कॉकसला (उमेदवार ठरवणाऱ्या मतदारसभेला) येणारा डेमोक्रॅट बहुतांशी युद्धाच्या विरोधात होता. तरीही १९ जानेवारी २००४ च्या रात्री केरी ३८ टक्क्यांवर पहिले आले, सिनेटर जॉन एडवर्ड्स ३२ टक्क्यांवर दुसरे आणि डीन १८ टक्क्यांवर तिसरे. (डीन यांची ती जगप्रसिद्ध आरोळी याच रात्रीच्या भाषणातली. तिने त्यांना हरवले असे आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात ती कानावर पडली तेव्हा ते हरलेलेच होते.)

आयोवातली कॉकस ही २०२० पर्यंत तरी गुप्त मतदानाची जागा नव्हती. शाळेच्या जिममध्ये किंवा चर्चच्या सभागृहात शेजारीपाजारी जमत, आपापल्या उमेदवाराचा कोपरा धरून उभे राहत, आणि ज्या गटाची संख्या साधारण १५ टक्क्यांच्या खाली राही त्यांना तो मोडून दुसऱ्या कोपऱ्यात जावे लागे. मधल्या वेळात बाकीचे गट त्यांना आपल्याकडे ओढत असत. ‘तुझे म्हणणे बरोबर आहे, पण बाकीच्या देशाला पटणार नाही’ हे वाक्य अशा ठिकाणी फार काम करते, कारण ते खोडता येत नाही. बाकीचा देश त्या जिममध्ये नसतो. त्या हिवाळ्यात ‘डीनबरोबर फिरलो, लग्न केरीशी केले’ अशा आशयाचे बिल्लेही निघाले होते, आणि लावणाऱ्यांना ते शहाणपणाचे वाटत होते.

केरी यांच्याबाबतचा हिशेब सरळ होता. व्हिएतनाममध्ये लढून सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार आणि तीन पर्पल हार्ट मिळवलेला माणूस समोर केला की युद्धकाळातल्या राष्ट्राध्यक्षाला त्याच्या देशप्रेमावर बोट ठेवता येणार नाही. जुलैत बोस्टनच्या अधिवेशनात केरी यांनी सलाम ठोकला आणि आपण कामावर रुजू होत असल्याचे सांगून भाषणाला सुरुवात केली. ऑगस्ट उजाडला आणि ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ’ नावाच्या माजी नौसैनिकांच्या गटाने नेमक्या त्या पदकांवरच संशय घेणाऱ्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली. नौदलाच्या नोंदी केरी यांच्या बाजूने होत्या, पण ज्या गुणासाठी त्यांना निवडले होते त्याचाच खुलासा करण्यात मोक्याचे आठवडे गेले.

त्याहून मोठे नुकसान ९ ऑगस्टला ग्रँड कॅन्यनपाशी झाले. इराकमध्ये महाविनाशक अस्त्रे सापडणार नाहीत हे आधी माहीत असते तरी तुम्ही युद्धाचा अधिकार देणारे मत दिले असते का, असे पत्रकारांनी विचारले आणि केरी ‘हो’ म्हणाले. दुसरे काय म्हणणार? ‘नाही’ म्हणावे तर २००२ चे मत चुकले असे होते, ‘हो’ म्हणावे तर बुश यांच्याविरुद्ध बोलायला काय उरते? त्याआधी मार्चमध्ये, युद्धासाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या विधेयकाबद्दल, आपण विरोधात मत देण्यापूर्वी बाजूने मत दिले होते असे सांगून त्यांनी बुश यांच्या प्रचाराला आयती जाहिरात पुरवली होती. या दोन्ही ठिकाणी घोडे एकाच जागी पेंड खात होते. निवडणुकीतल्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर पक्षाचा मतदार एकीकडे आणि त्याने जिंकून येणारा म्हणून निवडलेला उमेदवार दुसरीकडे, अशी ती अवस्था होती. ओहायो सुमारे १ लाख १८ हजार मतांनी गेले आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदही.

डीन जिंकले असते असा माझा दावा नाही. कदाचित अधिक मतांनी हरले असते. माझे म्हणणे एवढेच की आयोवातल्या मतदाराने स्वतःला पटलेली गोष्ट सोडली ती ओहायोतल्या एका कल्पित मतदारासाठी, आणि त्या मतदाराच्या मनात काय आहे याचा त्याचा अंदाज केबल चॅनेलवरच्या चर्चांवरून बांधलेला होता. स्वतःला काय हवे हे त्याला पक्के ठाऊक होते. ती माहिती त्याने बाजूला ठेवली आणि ज्याबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हते त्यावर मत दिले.

हे अंदाज किती चुकतात, त्याचे दाखले दोन्ही पक्षांत आहेत. मार्च १९८० मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी रेगन जिंकू शकत नाहीत अशी भावना वाढत असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. रेगन यांनी त्या नोव्हेंबरात ४४ राज्ये जिंकली. २०१२ च्या पराभवानंतर रिपब्लिकन पक्षाने स्वतःच केलेल्या चिकित्सेत लॅटिनो मतदारांसाठी स्थलांतराबाबत नरमाई घ्यावी असे सुचवले होते, आणि चार वर्षांनी नेमकी उलट भाषा बोलणारा माणूस व्हाइट हाउसमध्ये गेला. हा दाखला मला मुळीच आवडत नाही, पण तो लपवून उपयोग नाही.

ओबामा यांचे उदाहरण निराळे आहे. २००७ मध्ये साउथ कॅरोलायनातले अनेक कृष्णवर्णीय मतदार त्यांच्याबद्दल साशंक होते. ओबामा त्यांना पटत नव्हते असे नाही. गोरे लोक त्यांना मत देणार नाहीत अशी त्यांची खात्री होती. ३ जानेवारी २००८ ला जवळजवळ संपूर्ण गोऱ्या वस्तीच्या आयोवात ओबामा जिंकले आणि तीन आठवड्यांनी साउथ कॅरोलायनात ५५ टक्के मते घेऊन गेले. उमेदवार तोच होता आणि त्याचे विचारही तेच होते. आयोवातल्या लोकांनी पटलेल्या माणसाला मत दिले, तेवढ्यानेच त्याची निवडून येण्याची क्षमता वाढली. आपण ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हा उमेदवाराचा जन्मजात गुण धरता; मला तो बऱ्याच अंशी मतदारांच्या धीटपणाचा परिणाम वाटतो. आणि धीट नसलेल्या वर्षी त्याचा पहिला फटका स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना बसतो, कारण ‘माझी हरकत नाही हो, पण लोक देतील का मत?’ हा प्रश्न त्यांच्याच बाबतीत आधी विचारला जातो.

आता २०२०. इथे आपली बाजू भक्कम आहे. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले होते. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे वजनदार कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, २९ तारखेला साउथ कॅरोलायनाने त्यांना उचलले, त्यांचे प्रतिस्पर्धी बुटिजेज आणि क्लोबुशार बाजूला झाले आणि ३ मार्चच्या ‘सुपर ट्यूजडे’ला, म्हणजे अनेक राज्यांत एकदम प्रायमरी होते त्या मंगळवारी, चित्रच पालटले. ट्रम्प यांना हरवणे हा त्या मतांमागचा मोठा हेतू होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण क्लायबर्न त्या दिवशी काय म्हणाले ते आठवावे : आम्ही जोला ओळखतो आणि महत्त्वाचे म्हणजे जो आम्हाला ओळखतो. हा ओहायोतल्या अनोळखी माणसाबद्दलचा तर्क नव्हता. ओबामा यांच्याबरोबर आठ वर्षे काम केलेल्या माणसाबद्दलचा तो स्वतःचा अनुभव होता. साउथ कॅरोलायनातल्या मतदाराला बायडन पटतही होते. तिथे आपण म्हणता तशी तडजोड झालीच नाही. तसेच, अ‍ॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली बायडन यांची आघाडी एकत्र केली तरी ४३ हजारांच्या आतच राहते. एवढ्या निसटत्या निकालावरून ‘दुसरा कोणीही हरलाच असता’ असे छातीठोकपणे म्हणणे मला जमत नाही.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल. न्यू जर्सीने १९८८ नंतर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निवडलेला नाही, आणि आमची प्रायमरी बहुधा जूनमध्ये, निकाल लागून गेल्यावर होते. त्यामुळे माझ्या मताने कोणाचे बरेवाईट होत नाही, हा टोला मी मुकाट्याने घेतो. पराभवाची किंमत आरोग्यविम्यावर अवलंबून असलेल्या किंवा व्हिसा धोक्यात आलेल्या माणसाला मोजावी लागते, हेही खरे. म्हणूनच निवडून येण्याचा प्रश्न विचारूच नये असे मी म्हणत नाही. फक्त तो डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून विचारावा. सप्टेंबर २०१५ मध्ये डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठात, म्हणजे ज्यांना ते मुळीच पटत नाहीत अशा धार्मिक विद्यार्थ्यांसमोर गेले आणि गर्भपात व समलिंगी विवाह या मतभेदाच्या मुद्द्यांपासूनच बोलायला लागले. विरोधकापुढे भूमिका न बदलता बोलता येणे हा पारखता येणारा गुण आहे. आणि हीच कसोटी त्यांच्या विरोधातही जाते : आपण मतदानाला न येणाऱ्या तरुणांना बाहेर काढू, हा त्यांचा दावा २०२० च्या सुपर ट्यूजडेला खरा ठरला नाही, आणि तसे त्यांनी स्वतः कबूलही केले. त्यानंतर ज्यांनी हात आखडता घेतला, त्यांना मी भित्रे म्हणणार नाही.

नोव्हेंबरात न आवडलेल्या उमेदवारालाही मत देणार का, असे आपण शेवटी विचारले आहे. देणार, आजवर देत आलो आहे. तिथे दगडापेक्षा वीट मऊ हा हिशेब मला पूर्ण मान्य आहे. आपला आणि माझा वाद प्रायमरीपुरता आहे, आणि पहिली प्रायमरी कोणत्या राज्यात व्हावी यावर तो बराच अवलंबून आहे. २०२४ साठी पक्षाने आयोवाला मागे सारून साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला होता. त्या बदलावर वेगळे लिहायला घेतले आहे. तिथेही आपला विरोध असेल तर अवश्य नोंदवावा.