साठी उलटली म्हणून खुर्चीत बसवू नका

कूलर बाहेर निघाले की नागपुरातल्या घरोघरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: म्हातारपणी हाड आधी मोडतं, मग माणूस पडतो. म्हणून साठीनंतर हिंडणं-फिरणं कमी करा, ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस घ्या, बाथरूममध्ये रबरी चटई टाका आणि कोणी पडलंच तर तेलानं चोळून दोन दिवस वाट पाहा. मायेनं लिहिलेलं आहे, पण चटई सोडली तर एकही सल्ला धड नाही. चटईचाही अर्धाच.

हाडाचं आधी. ठिसूळ झालेलं हाड आपसूक मोडतं, पण क्वचित. खुब्याची नव्वद टक्क्यांहून जास्त फ्रॅक्चर पडल्यामुळे होतात, तीही बहुतेक कुशीवर पडून. उलटा क्रम एकदा मनात बसला की ‘वयच झालं’ म्हणून घरचे हात झटकतात, आणि टाळता येणारं टाळायचं राहून जातं.

सगळ्यात घातक सल्ला हिंडणं बंद करण्याचा. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१९ मध्ये साठीपुढच्या लोकांवरच्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. एकूण माणसं २३ हजारांवर. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी निघालं, आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामाला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तेव्हा सुमारे ३४ टक्क्यांनी. नुसत्या चालण्याचा फायदा मात्र पक्का दिसला नाही. अंबाझरीला रोज फेरी मारणाऱ्या काकांना हे आवडणार नाही. फेरी जरूर मारा, पण सोबत ओटा धरून एका पायावर उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, टाचेला अंगठा भिडवत सरळ रेषेत चालणं हेही हवं. आधी तोल गेलेला असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून आणि शेजारी कोणीतरी उभं ठेवून. बसून राहणाऱ्याच्या मांड्यांची ताकद जाते, मग संडासातून उठतानाच तो कोलमडतो. काहून बसवायचं मग त्याला?

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१० मध्ये आले. वर्षातून एकदाच ५ लाख युनिट घेणाऱ्या गटात पडणं १५ टक्क्यांनी आणि फ्रॅक्चर २६ टक्क्यांनी वाढलं. रक्त तपासून कमतरता निघाली तर डॉक्टर देतील ते घ्यावं. औषधाच्या दुकानातून मनानं पाकिटं आणून फोडणं वेगळं.

आता चटई. सुटी चटई ओल्या टाइलवर स्वतःच सरकते. घेतलीच तर खाली घट्ट धरून बसणारी घ्या, पण त्याआधी भिंतीत पक्का दांडा बसवा. न्यूझीलंडमध्ये ८४२ घरं निवडून त्यातल्या निम्म्या घरांत पायऱ्यांना कठडे, बाथरूमला दांडे, बाहेर नीट उजेड, न घसरणारा पृष्ठभाग अशी साधी कामं केली. घरात पडून डॉक्टरकडे जावं लागेल अशा दुखापती तिथे २६ टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे यादीत कूलर वरच्या नंबरवर हवा: टाकी भरताना सांडलेलं पाणी, खालून होणारी गळती, दारातून आडवा गेलेला पाइप. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी काळोख करून घेतलेल्या खोलीत यातलं काही दिसत नाही. आणि चकचकीत फरशी हा शौक ठीक आहे, पण आईच्या खोलीत कशाला?

झोपेच्या गोळ्या, उभं राहताच चक्कर आणणारी रक्तदाबाची औषधं आणि पिकलेला मोतीबिंदू यांचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. पडण्याची ही मोठी कारणं. गोळ्या परस्पर बंद करू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

राहिलं तेलाचं. पडल्यावर पाय आखूड वाटतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, उभं राहता येत नाही, तर चोळू नका, ओढू नका, उभं करून पाहू नका. १०८ ला फोन करा. खुब्याची शस्त्रक्रिया त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झालेली बरी; दोन दिवस अंथरुणात गेले की छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात. हाडाला नुसती चीर गेलेली असेल तर काही जण लंगडत दोन-चार पावलं टाकतातही. त्यामुळे ‘चालते ना आजी’ म्हणून थांबू नका, एक्स-रे काढा.