फाइल पुढील कार्यवाहीसाठी सादर

तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून नोकरी केल्यामुळे एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर कशी जाते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कशी जात नाही, याचे ज्ञान माझ्याइतके साताऱ्यात फार थोड्यांना असेल, अशी माझी समजूत होती. त्यामुळे निवृत्तीनंतर घरातल्या दोन संगणकांमध्ये वायफायवरून फायलींची देवाणघेवाण सुरू करण्याचे काम मी कोणाला न विचारता अंगावर घेतले. एक संगणक ओटीवर माझ्या टेबलाशी, दुसरा म्हणजे पत्नीचा लॅपटॉप स्वयंपाकघरात, आणि मध्ये माजघर. मोजून पंचवीस पावले. नोकरीत याहून कमी अंतर पार करायला मी फायलींना तीन-तीन महिने लावलेले आहेत.

निमित्त होते आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे. समारंभात पडद्यावर दाखवण्यासाठी पत्नी जुन्या छायाचित्रांची चित्रफीत तयार करणार होती आणि ती सारी छायाचित्रे माझ्या संगणकाच्या डी ड्राइव्हवर होती: नऊ हजारांवर, आकाराने ३१ जीबी. डी ड्राइव्ह हे आमच्या घरचे अभिलेख कक्ष आहे. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, मुलाच्या गुणपत्रिका, तपासणी प्रयोगशाळेने ईमेलवर धाडलेले अहवाल, पुतण्याच्या मुंजीचे चलच्चित्र, असे जे जे म्हणून येते ते तिथे आवक होते आणि पुन्हा बाहेर पडत नाही.

“अहो, पेनड्राइव्हवर घालून द्या ना,” पत्नी म्हणाली.

“दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन हेलपाटे कोण घालणार? त्याला शिपाई लागतो,” मी म्हणालो. “एकदाच कायमची व्यवस्था करून टाकतो. दहा मिनिटांचं काम.”

हे वाक्य मी शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता उच्चारले. वेळेची नोंद पत्नीकडे आहे.

मला भरवसा होता तो माझ्या जुन्या डायरीवर. विंडोज ७ च्या काळात ‘होमग्रुप’ नावाची एक सोय होती. एका संगणकाने दिलेला अक्षरे-आकड्यांचा पासवर्ड दुसऱ्यात घातला की दोघे एकमेकांचे होत असत. तो पासवर्ड मी डायरीच्या शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरांत लिहून खाली दोन रेघा मारून ठेवला होता. डायरी सापडली, पासवर्ड सापडला, होमग्रुप मात्र सापडेना. ही सोय २०१८ सालीच विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली होती. मी खचलो नाही. जुना शासन निर्णय अधिक्रमित झाल्याचे आपल्याला उशिरा कळावे, यात मला नवे काही नव्हते.

लॅपटॉपवर ‘नेटवर्क’ या चित्रावर क्लिक केले तर आत शुकशुकाट. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न केला, “बाबा, नेटवर्क पब्लिक आहे की प्रायव्हेट?” घरातल्या चार भिंतींतले वायफाय प्रायव्हेट नाही तर काय, असे मी ठणकावून सांगितले. तपासले तर दोन्ही संगणकांवर ते ‘पब्लिक’ होते, आणि तसे मीच करून ठेवले होते. वायफायला प्रथम जोडताना संगणक विचारतो की, या नेटवर्कवरच्या इतरांना हा संगणक दिसू द्यायचा का. ‘नाही’ म्हटलेल्याचे पुढे ‘हो’ करता येते, ‘हो’ म्हटलेल्याचे ‘नाही’ करता येत नाही, या कारकुनी सिद्धान्ताला अनुसरून मी दोन्हीकडे ‘नाही’ म्हटले होते. त्या दिवसापासून आमचे दोन्ही संगणक आमच्याच घरात एसटी स्टँडवर बसल्यासारखे, पिशवी मांडीवर घट्ट धरून, कोणाशी न बोलता बसले होते.

दोन्हीकडे ‘प्रायव्हेट’ केले, नेटवर्क डिस्कव्हरी चालू केली, फाइल शेअरिंग चालू केले. शुकशुकाट कायम.

“एसएमबी चालू आहे का बघा,” मुलगा म्हणाला आणि त्याला मीटिंग आली. एसएमबी म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळले. संगणकांनी एकमेकांकडे फाइल कशी मागावी आणि कशी द्यावी, याचा तो शिष्टाचार असून १९८० च्या दशकात आयबीएममध्ये त्याचा जन्म झाला. पुढे कॅनबेराच्या विद्यापीठातील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने इतर प्रणालींच्या संगणकांनाही तो शिष्टाचार पाळता यावा म्हणून एक मुक्त आज्ञावली लिहिली. तिला नाव हवे होते, तेव्हा एस, एम, बी ही तिन्ही अक्षरे याच क्रमाने ज्यात येतात असे शब्द त्याने संगणकातल्या शब्दसूचीत शोधले आणि ‘सांबा’ निवडला. हाच शोध मराठीत घेतला असता तर, रोमन लिपीत लिहून पाहा, ‘समारंभ’ निघाला असता. ही गंमत मी पत्नीला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. “समारंभ पंधरा दिवसांवर आलाय,” एवढेच ती म्हणाली.

याच वाचनात मला ‘एसएमबीची पहिली आवृत्ती चालू करा, सगळे दिसू लागेल’ असा एक जुना सल्ला मिळाला होता, आणि मी त्या चौकटीत खूण करणार एवढ्यात मुलाचा फोन आला. “बाबा, हात लावू नका! तो दरवाजा मुद्दाम बंद केलाय.” मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरचे संगणक ओलीस धरले, ते त्या जुन्या आवृत्तीतल्या फटीतून शिरून. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती मुळात बसवलीच जात नाही, आणि आपल्या दोन्ही संगणकांना तिची गरजही नाही, असे त्याने सांगितले. मी खूण केलीच नाही.

“आता दोन्हीकडचा आयपी पत्ता वाचून दाखवा.”

काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ असे टंकून मी ओटीवरचा पत्ता वाचला: १९२.१६८.१.७. मग पंचवीस पावले चालून लॅपटॉपचा वाचला: १९२.१६८.३.१२. पलीकडे क्षणभर शांतता. मलाही शंका आली होती. तिसरा आकडा जुळत नव्हता. महसुली भाषेत सांगायचे तर दोघांचे गट नंबरच वेगळे होते. लॅपटॉपवरून माझ्या संगणकाला ‘पिंग’ची आज्ञा देऊन हाक मारली. ही आज्ञा चार वेळा हाक मारते. चारही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे उत्तर आले, म्हणजे वाट पाहिली, कोणी आले नाही.

“बाबा, आईचा लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर तर नाही?”

तो तिथेच होता. आमच्या राउटरवर दोन नावांची वायफाय आहेत: एक घरच्यांसाठी आणि एक पाहुण्यांसाठी. पाहुण्यांच्या वायफायवर इंटरनेट मिळते, पण घरातली इतर यंत्रे दिसत नाहीत. चहा मिळेल, माजघरात डोकावता येणार नाही, असा तो बंदोबस्त. घरच्या वायफायचा पासवर्ड मी सुरक्षेपोटी वीस अक्षरांचा केला होता आणि लॅपटॉप घेतला त्या दिवशी तो टंकायचा कंटाळा आल्यामुळे पाहुण्यांचा सोपा पासवर्ड घालून मोकळा झालो होतो. म्हणजे गेली दोन वर्षे माझी पत्नी स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून वावरत होती.

हे मी तिला समजावून सांगितले. तिने हातातले लाटणे खाली ठेवले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “तरीच.”

या एका शब्दावर संध्याकाळपर्यंत दुसरे काही बोलणे झाले नाही.

लॅपटॉप घरच्या वायफायवर येताच माझा संगणक तिथे प्रकट झाला. ‘डेस्कटॉप’ आणि त्यापुढे काही अक्षरे व आकडे, असे त्याचे जन्मनाव होते; वाहनाच्या चेसिस क्रमांकासारखे. दोघांचे नामकरण करावे असे मला वाटले. या नावाला पंधरा अक्षरांची मर्यादा असते. माझ्या संगणकाला ‘ओटी’ ठेवले. ‘स्वयंपाकघर’ रोमन लिपीत तेरा अक्षरांत बसले. नामकरणात अर्धा तास गेला, पण दिवसभरात निर्विघ्न पार पडलेले ते एकमेव कार्य होय.

लॅपटॉपवर ‘ओटी’ उघडली, तर तिने दारातच नाव आणि पासवर्ड विचारला. मी रोजचे चार आकडे टंकले. चूक. पुन्हा टंकले. चूक. मुलगा म्हणाला, “बाबा, तो पिन आहे. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून यायला खात्याचा पासवर्ड लागतो.” रोज ज्या आकड्यांवर संगणक मला मालक मानतो, ते आकडे पंचवीस पावलांवर कुचकामी ठरावेत, हे पटायला जड गेले; पण बदली झालेल्या अधिकाऱ्याची सही दुसऱ्या तालुक्यात चालत नाही, हे आठवले. खात्याचा पासवर्ड मी एकदाच, संगणक घेतला तेव्हा ठरवला होता. तो डायरीत नव्हता. डायरीत होमग्रुपचा होता, दोन रेघांसह.

शेवटी मुलाच्या सांगण्यावरून ‘ओटी’वर पत्नीच्या नावाने वेगळे खाते उघडले आणि तिला तिचा पासवर्ड ठरवायला सांगितला. तिने तो मला दाखवला नाही. डी ड्राइव्ह सामायिक केला. लॅपटॉपवर तो दिसला, उघडला, ‘आईचे फोटो’ हा फोल्डरही दिसला. त्यावर क्लिक केले आणि परवानगी नसल्याचा शेरा आला.

इथून पुढचा भाग मला घरचा होता. विंडोजमध्ये परवानग्या दोन ठिकाणी द्याव्या लागतात. एक सामायिक करण्याची, दुसरी त्या फोल्डरची स्वतःची. आणि दोघींत जी कडक असेल ती चालते. साहेबांनी ‘मंजूर’ लिहिले तरी लेखाशाखेने ‘तरतूद नाही’ असा शेरा मारला की काय होते, ते मी वेगळे सांगायला नको. फोल्डरच्या गुणधर्मांत ‘सिक्युरिटी’चे पान उघडले. मालकाच्या रकान्यात नावाऐवजी एस-१-५-२१ असा सुरू होणारा लांबलचक आकडा होता. हा फोल्डर मी जुना संगणक मोडीत काढताना त्याच्या डिस्कसकट इकडे आणला होता. तो आकडा म्हणजे जुन्या संगणकावरचे माझे खाते. तात्पर्य, मालक मीच होतो, पण तो मी मयत झालो होतो आणि वारसनोंद राहून गेली होती.

सातबारावर आजोबांचे नाव तसेच राहिलेले किती खातेदार माझ्या टेबलासमोर उभे राहून गेले असतील! त्यांना मी शांतपणे सांगत असे, की आधी फेरफार करून घ्या. रात्री सव्वादहा वाजता तो सल्ला मी स्वतः अमलात आणला. मालकाच्या नावापुढचे ‘चेंज’ दाबून स्वतःचे नाव चढवले, ताबा घेतला आणि मग, दिवसभराच्या अपमानांचा एकदम निकाल लावण्याच्या भरात, एकट्या फोल्डरला कशाला म्हणून संपूर्ण डी ड्राइव्हवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ अशी सरसकट मंजुरी दिली. आतल्या सर्वांना तीच लागू करायची का, असे त्याने विचारले. होय. खिडकीत फायलींची नावे एकामागून एक पळू लागली. वीजबिले, घरपट्टी, गुणपत्रिका, अहवाल. त्या वेगाकडे मी कौतुकाने पाहत राहिलो; वाचले काहीच नाही.

लॅपटॉपवर ‘आईचे फोटो’ उघडला. पहिल्याच चित्रात आई औदुंबराच्या पारावर बसली होती.

पत्नीने सकाळपासून प्रथमच “जमलं की!” असे म्हटले आणि चहा ठेवला, माझ्या नेहमीच्या दोन चमचे साखरेचा. या क्षणासाठी कंदी पेढ्यांचा पुडा मी दुपारीच आणून ठेवला होता. त्यातले दोन मी चहाबरोबर घेतले.

उतरवायला घातले तेव्हा वेग सेकंदाला पाच एमबी दिसत होता. इंटरनेट तर शंभरचे घेतले आहे, असे मी तक्रारीच्या सुरात म्हणालो. ते शंभर बाहेरच्या रस्त्याचे आणि तेही मेगाबिट, म्हणजे आठाने भागायचे, असे मुलाने सांगितले. शिवाय दोन्ही संगणक बिनतारी असल्यामुळे प्रत्येक फोटो आधी ओटीवरून राउटरकडे आणि तिथून स्वयंपाकघराकडे, असा हवेतून दोनदा प्रवास करतो. आणि त्यात आमच्या वाड्याच्या दगडमातीच्या भिंती दीड-दीड फुटांच्या. पत्नीने हे ऐकून लॅपटॉप उचलला आणि राउटरखाली स्टुलावर नेऊन ठेवला. वेग दुप्पट झाला. दिवसभरात तिने केलेली तांत्रिक कारवाई ती एवढीच.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात चित्रफितीच्या कामाला बसली आणि मी ओटीवर, केलेल्या कामाचे सुख भोगत. आपल्या संगणकावरची कोणती फाइल या क्षणी कोणी उघडली आहे याची यादी पाहता येते, हे मला आदल्या दिवशी कळले होते. ‘ओपन फाइल्स’ असे तिचे नाव. अशी यादी तहसीलमध्ये असती तर किती फायली वेळेवर सापडल्या असत्या, असा विचार करत मी ती उघडून बसलो. पत्नीच्या खात्यापुढे फायली येत होत्या, जात होत्या. आईचा पंढरपूरचा फोटो. मुंजीचा फोटो. मधल्या कुठल्याशा फोल्डरमधली घरपट्टी. ती चुकून असावी. मग एक ओळ आली ती तिथेच थांबली.

‘रक्ततपासणी, उपाशीपोटी.’

प्रयोगशाळेचा तो अहवाल मागच्या महिन्यातला होता. त्याबाबत “सगळं नॉर्मल आहे” असे तोंडी निवेदन मी जेवणाच्या ताटावर केले होते. अहवालात साखर १४८ होती. यादीतल्या ओळीवर उजवे क्लिक केले की ती फाइल सक्तीने बंद करण्याचा पर्याय येतो. तो आलाही. माझे बोट त्याच्यावर असतानाच ओळ आपोआप नाहीशी झाली. फाइल वाचून झाली होती.

माजघरापलीकडे काही बोलणे ऐकू आले नाही. फडताळ उघडले, आणि पेढ्यांच्या पुड्याचा कागद करकरला.