सिनेमाची सबसिडी बंद करा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आधी नाटकवाल्यांच्या ग्रुपवर आला, मग डिचोलीच्या मित्रांच्या ग्रुपवर, आणि परवा तर देवळाच्या उत्सव कमिटीच्या ग्रुपवर पण कोणीतरी टाकला. म्हणणं थोडक्यात असं, की गोवा सरकार कोकणी-मराठी सिनेमांना पैसे देतं ती फुकटची खिरापत आहे, पैसा सगळा बाहेरच्यांच्या खिशात जातो, सबसिडी नसली तरी शूटिंग गोव्यात येतंच, आपले सिनेमे कोण बघतो, इफ्फी म्हणजे पणजीतला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे तेवढं पुरे, आणि कॅनडातल्या सस्कॅचेवानने अशीच सवलत एका फटक्यात बंद केली तर काही बिघडलं नाही, तेव्हा आपणही बंद करूया नि पैसे रस्त्यांना देऊया. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मी नाटकातला माणूस, अधूनमधून शूटिंगला पण जातो, म्हणजे यात माझा स्वार्थ आहे, ते आधीच सांगून टाकतो.

कॅनडापासूनच सुरू करू, कारण एवढ्या लांबचं उदाहरण दिलं की कोणी तपासायला जात नाही. सस्कॅचेवान हा तिथला एक प्रांत, तिथे १९९८ पासून टॅक्स क्रेडिट, म्हणजे कराच्या हिशोबातून मिळणारी सवलत होती. ते चालायचं कसं, तर कंपनीने आधी स्वतःचे पैसे घालून सिनेमा किंवा सिरीयल करायची, त्यात त्या प्रांतातल्या लोकांना जो पगार दिला असेल त्याचा ठरावीक हिस्सा नंतर कागद तपासून परत मिळायचा, म्हणजे टोरांटोहून अख्खी टीम आणली तर हातात फारसं काही पडणार नाही, तिथला लाइटमन, तिथली मेकअपवाली, तिथला सुतार घेतला तरच फायदा. मार्च २०१२ च्या बजेटमध्ये सरकारने हे बंद केल्याचं सांगितलं. लोक रस्त्यावर आले, सरकार हललं नाही. पुढे काय झालं, तर काम येणं आटलं आणि कामातली माणसं मॅनिटोबा, अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबियाला निघून गेली. रेजायना शहरात सरकारी पैशाने मोठा साउंडस्टेज, म्हणजे शूटिंगचा बंदिस्त स्टुडिओ बांधला होता, त्याला पुरेसं काम मिळेना. वर्षभरात, २०१३ मध्ये, सरकारने क्रिएटिव्ह सस्कॅचेवान नावाची संस्था काढून थोडीफार अनुदानं सुरू केली, आणि २०२२ च्या बजेटमध्ये सिनेमा-टीव्हीचं अनुदान वाढवून १ कोटी डॉलरवर नेलं. मधल्या सगळ्या काळात सरकार त्याच पक्षाचं होतं बरं का. काहीच बिघडलं नव्हतं तर ज्यांनी बंद केलं त्यांनीच दहा वर्षांनी तिजोरी का उघडली, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

अशाच दुसऱ्या एका गोष्टीचा तर मेसेजमध्ये पत्ताच नाही. नोव्हा स्कोशिया हा त्याच देशातला दुसरा छोटा प्रांत, समुद्रकाठचा, लोकसंख्या साधारण १० लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याला जास्त जवळचा. तिथे एप्रिल २०१५ च्या बजेटमध्ये टॅक्स क्रेडिटला कात्री लागली आणि हॅलिफॅक्सला विधानसभेसमोर मोठी निदर्शनं झाली, त्यात नट कमी आणि सुतार, ड्रायव्हर, केटरिंगवालेच जास्त असणार, कारण अशा धंद्यात माणसं तीच जास्त असतात. जुनं क्रेडिट काही वाचलं नाही, पण जुलैपर्यंत सरकारला १ कोटी डॉलरचा वेगळा फंड काढावा लागला. लोकांच्या ओरडण्याने एवढा फरक पडला.

आता एक गोष्ट त्या मेसेजच्या बाजूची. सिनेमाला दिलेला पैसा टॅक्सच्या रूपाने सगळाच्या सगळा परत येतो असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या ऑडिटरनेच २०२० साली म्हटलं की फायद्याचे आकडे फुगवून सांगितले जातायत. पण जॉर्जियात मोठमोठ्या हॉलिवूड कंपन्यांना वरची मर्यादा न ठेवता सूट मिळते, आणि आपल्याकडे विषय आहे पदरचे पैसे घालून, कर्ज काढून कोकणी किंवा मराठी सिनेमा करणाऱ्या गोंयकाराचा. हे दोन्ही एकाच पिशवीत घालून मेसेज फिरवला की वाचणाऱ्याला वाटतं आपल्या पैशावर मुंबईचा हिरो पार्ट्या करतोय.

आणि फुकट म्हणाल तर, भारतात आयकर राज्याच्या हातात नाही त्यामुळे कॅनडासारखं क्रेडिट इथे देता येत नाही, राज्य थेट अनुदान देतं, ते पण सिनेमा पूर्ण करून, सेन्सॉर करून, कमिटीपुढे ठेवून मग. तोपर्यंत व्याज कोण भरतं?

शूटिंग तसंही येतंच, हा मुद्दा मात्र खरा आहे. येतंच. मुंबई जवळ, समुद्र आहे, जुनी घरं आहेत, विमानतळ दोन आहेत. पण येतं तेव्हा काय येतं ते बघा. कॅमेरा मुंबईचा, लाइटची गाडी मुंबईची, असिस्टंट, मेकअप, एडिट सगळं तिकडचं, आपल्या वाट्याला काय तर घर भाड्याने, हॉटेल, जेवण, रेंटची गाडी आणि मागे चालणारी गर्दी. तो पण धंदाच आहे, मी त्याला हलका म्हणत नाही, पण त्याने कोणी कॅमेरामन तयार होत नाही. आणि ते किती पक्कं असतं ते आपण २०२१ मध्ये बघितलंय. महाराष्ट्रात लॉकडाऊनमुळे शूटिंग थांबलं तशा मराठी-हिंदी सिरीयली गोव्यात धावत आल्या, इथे केसेस वाढल्या, लोक चिडले, मे महिन्यात गोवा मनोरंजन संस्थेने परवानग्या रद्द केल्या, आणि युनिटं सामान भरून दुसरीकडे निघून गेली. मागे काय राहिलं? सस्कॅचेवानसारखी अट, म्हणजे इथल्या माणसाला पगार दिला तरच पैसा, ही बाहेरच्यांसाठी लावा की, मी स्वतः सही करायला येतो. पण मेसेज तर ती अट मागतच नाही, तो गोंयकाराचंच अनुदान काढायला सांगतो.

आता 'आपले सिनेमे कोण बघतो, चांगला असेल तर आपोआप चालेल'. इथे जरा हिशोब करू, कारण हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. समजा सिनेमा १ कोटीत केला, जे आजच्या दिवसात काहीच नाही. तिकीट १५० रुपये. १०० च्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, तो काढला की राहिले साधारण १२७. त्यातले अर्धे थिएटरचे धरा, प्रोड्युसरच्या हातात ६३ रुपये. म्हणजे नुसतं मुद्दल सुटायला दीड लाखाच्या वर तिकिटं खपायला हवीत, जाहिरातीचा खर्च धरलाच नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. पोराबाळांसकट, म्हाताऱ्यांसकट, दर नऊ माणसांतल्या एकाने तिकीट काढायला हवं, आणि त्यात कोकणी सिनेमाला न जाणारे पण आले, मराठीला न जाणारे पण आले. महाराष्ट्रात ११ कोटींच्या वर माणसं, तरी तिथे मराठी सिनेमाला अ दर्जासाठी ४० लाख, ब दर्जासाठी ३० लाख असं अनुदान बरीच वर्षं चालत आलंय, आणि आपण १५ लाखांच्या राज्यात म्हणायचं की बाजार बघून घेईल!

यावर कोणीतरी लगेच 'नाचुंया कुंपासार' या कोकणी सिनेमाचं नाव काढणार. लोकांनी पैसे घातले, मल्टिप्लेक्सच्या भरवशावर न बसता हॉलमध्ये शो लावले, राष्ट्रीय पुरस्कार पण मिळवले. खरंय, मानलं. पण दर सिनेमाला गावभर फिरून पैसे गोळा करायचे का? तेच लोक चतुर्थीला देतात, जत्रेला देतात, देवळाच्या कळसाला देतात, किती वेळा देतील. आणि दुसरी बाजू बघा, लक्ष्मीकांत शेटगावकरांच्या 'पलतडचो मुनिस' या कोकणी सिनेमाला २००९ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला, त्याच्यामागे एनएफडीसी या केंद्राच्या चित्रपट महामंडळाचा, म्हणजे सरकारचाच पैसा होता.

इफ्फीबद्दल फार लिहीत नाही. २००४ पासून पणजीत आहे, आम्ही पण पास काढून जातो, बघतो, शिकतो. पण नोव्हेंबरातल्या त्या आठ-नऊ दिवसांत जगातले सिनेमे दाखवतात, आपले करून देत नाहीत. उलट २०२३ च्या इफ्फीतच केंद्राने जाहीर केलं की परदेशी प्रोड्युसरने भारतात शूटिंग केलं तर खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ३० कोटी परत देऊ. परदेशी कंपनीला दिलं तर गुंतवणूक आणि काणकोणच्या पोराला दिलं तर खिरापत, असं कसं?

रस्त्यांचं म्हणाल तर रस्त्यांचं बजेट आणि सिनेमाचं बजेट शेजारी ठेवून बघा आणि मग सांगा खड्डे कशामुळे आहेत.

चिडायचंच असेल तर चिडायला जागा आहे हो. योजना वर्षानुवर्षं अडकून राहते, अर्ज कधी मागवणार ते कळत नाही, एखादा सिनेमा अनुदान घेऊन एका शोनंतर कपाटात जातो, तो परत कोणी बघत नाही. मग मागणी ती करा, की कुठल्या सिनेमाला किती दिले, कधी दिले, कुठे किती शो झाले, इथली किती माणसं कामाला होती ही यादी दर वर्षी लोकांसमोर ठेवा, आणि पैसे घेतलेला प्रत्येक सिनेमा मडगाव, कुडचडे, साखळी, वास्कोच्या रवींद्र भवनात आणि फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात स्वस्तात दाखवा. असा मेसेज कोणी लिहिला तर मला पाठवा, मी उत्सव कमिटीच्या ग्रुपवर पण टाकतो, तिथले निम्मे लोक स्वतःच रंगमंचावर उभे राहतात, त्यांना पटेल.