उत्तरेकडे येताना वाऱ्याची वेळ सांभाळावी लागते

गोव्याहून मुंबईला शिडाच्या बोटीने, थांबत थांबत घरी परतलेल्या तुम्हा जोडप्याचा हा लेख वाचला आणि ह्यांनाही लगेच वाचून दाखवला. आम्ही दोघांनी हाच प्रवास फेब्रुवारीत केला होता. एक गोष्ट लेखात राहिली, म्हणून लिहिते. दुपारचा खारा वारा वायव्येकडून, म्हणजे उत्तरेकडे येणाऱ्याच्या जवळजवळ तोंडावरच येतो. म्हणून आम्ही पहाटे चारला नांगर उचलायचो, जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर जमेल तेवढं अंतर कापायचो आणि दुपारी बंदर गाठायचो. मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, हर्णै, असे मुक्काम पडत गेले. विजयदुर्गला वाघोटन खाडीत शिरलं की किल्ल्याच्या आडोशाला पाणी एकदम शांत होतं. तिथे तुम्ही एकच रात्र काढलीत, याची फार हळहळ वाटली.

आणि वाटेतल्या मासेमारीच्या जाळ्यांबद्दल जरूर लिहा. हर्णैहून निघालो तेव्हा अंधारात आमच्या सुकाणूत जाळं अडकलं. हे कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले, मी वर विजेरी धरून उभी. जाळं कापायचं नाही हे आमचं आधीच ठरलेलं, कुणाच्या तरी पोटापाण्याचं असतं ते. सोडवायला पाऊण तास लागला.