वादळ जुलैचं, भीती एप्रिलची

परवा रात्री साडेदहाला आईचा डोंबिवलीहून फोन आला. तिथे सकाळचे आठ वाजले होते. हॅलोसुद्धा न म्हणता ती सुरू झाली, "अगं, ती बार्बाडोसची तिकिटं रद्द कर. पैसे गेले तर गेले. जीव महत्त्वाचा." मागे बाबा काहीतरी बोलत होते, पण तिने त्यांना बोलू दिलं नाही.

कारण एक मेसेज. सोसायटीच्या ग्रुपवर आला, तिथून मावशीकडे गेला, मावशीने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि सकाळपर्यंत मला तो सहा जणांनी पाठवला होता. त्यात एक डॉक्टर मामेभाऊही होता. मेसेजचा मथळा कॅरिबियनला जाणाऱ्यांनी सावध राहावं असा, वर रोहित शर्माच्या संघाचा फोटो. आतला सारांश असा: एप्रिल-मे हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम, आपला क्रिकेट संघही अडकला होता, उन्हाने माणसं भाजतात, सीझन संपल्यामुळे सगळं बंद असतं, किनारे सडक्या शेवाळाने भरलेले असतात, शाकाहारी माणूस उपाशी राहतो आणि नळाचं पाणी विष आहे, गावात काळ्या लोकांची वस्ती असल्याने बंदराच्या बाहेर पाऊल टाकू नये, आणि एवढं सगळं असूनही जायचंच असेल तर भारतीयांना व्हिसा लागत नाही, फक्त तिकीट काढा.

आई-बाबा एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याकडे कॅनडात मिसिसागाला येणार आहेत. महिनाअखेर आम्ही सगळे आठ दिवस बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाऊनला, जाणार आहोत. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी तिथे नऊ दिवस राहून आले. म्हणून हे लिहितेय, आणि रागाने लिहितेय.

आधी वादळ, कारण आई घाबरली ती त्यानेच. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांची नोंद आणि इशारे यांचं काम मायामीतलं अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र करतं. त्या केंद्राच्या हिशेबात हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा आहे, आणि त्याचं शिखर 10 सप्टेंबरच्या आसपास. हे सहा महिने निवडले तेही हवेत बोट फिरवून नाही. अटलांटिकमधली 97 टक्क्यांहून अधिक वादळी हालचाल याच काळात होते. एप्रिल त्याच्या बाहेर आहे. मेही बाहेर आहे.

आता तो फोटो. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर 29 जून 2024 रोजी झाला. बेरिल वादळ 1 जुलैला बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेलं आणि ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं. विमानतळ बंद झाला, आपला संघ हॉटेलात अडकला, 4 जुलैच्या सकाळी दिल्लीला उतरला आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर पोचला. आपण सगळ्यांनी हे टीव्हीवर पाहिलंय. म्हणजे हंगाम सुरू होऊन महिना झाल्यावरचं हे वादळ. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच जोडलेला पुरावा त्याच्याच विरोधात जातो, आणि पुढे पाठवणाऱ्या शेकडो माणसांपैकी एकालाही तारीख आठवली नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. क्रिकेटच्या तारखा आपल्याकडे पाठ असतात ना?

बेटावरची मोठी वादळंही बघा. 1831 चं भयंकर वादळ ऑगस्टमधलं. जॅनेट 1955 च्या सप्टेंबरमधलं. एल्सा 2 जुलै 2021 चं. एकही एप्रिलमधलं नाही. बार्बाडोस त्या बेटांच्या माळेत सगळ्यात पूर्वेला, माळेपासून जरा सुटून, साधारण चेन्नईच्या अक्षांशावर आहे. बरीच वादळं त्याच्या उत्तरेने जातात. सगळी जात नाहीत, हे बेरिलने दाखवलंच.

घोळ कुठे झाला असावा याचा मी बराच विचार केला. आपल्याकडे अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या तोंडावर येतात. निसर्ग अलिबागजवळ धडकलं ते 3 जून 2020 ला, तौक्ते आलं 2021 च्या मे महिन्यात. कोकणातल्या माणसाच्या डोक्यात मे आणि वादळ ही जोडी बसलेली आहे, आणि ती आपल्या किनाऱ्यासाठी बरोबरच आहे. पण तो समुद्र वेगळा, हे पंचांग त्याला लावता येत नाही. तिथे डिसेंबर ते मे हा कोरडा काळ. वेस्ट इंडिजमधल्या कसोटी मालिका परंपरेने फेब्रुवारी ते मे या दिवसांत खेळल्या जायच्या, त्याचं एक मोठं कारण हेच. वाडेकरांच्या संघाची 1971 ची ब्रिजटाऊन कसोटी 1 एप्रिलला सुरू झाली. दिलीप सरदेसाईंनी तिथे 150 केल्या, दुसऱ्या डावात गावसकर 117 वर नाबाद राहिले. बाबा ते आकडे अजून झोपेतही सांगतील. फोनवर ते मागून हेच ओरडत होते, असं नंतर कळलं.

उन्हाबद्दल दोन ओळी पुरेत. एप्रिलमध्ये दुपारचं तापमान तीस अंशांच्या आसपास असतं आणि समुद्रावरचा पूर्वेचा वारा दिवसभर वाहतो. एप्रिलमध्ये नागपूर-अकोला सोसणाऱ्यांनी त्याला भट्टी म्हणू नये. फक्त त्या वाऱ्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही आणि खांदे सोलवटून निघतात, तेवढी टोपी-सनस्क्रीनची काळजी घ्या.

"सगळं बंद असतं" यात अर्धं खरं आहे, ते मी मान्य करते. साधारण 15 एप्रिलनंतर हॉटेलांचे दर उतरतात, आणि हिवाळ्यात बंदरात रांगेने लागणारी क्रूझ जहाजं कमी होतात. पुष्कळशी भूमध्य समुद्राकडे आणि अलास्काकडे निघून जातात. त्यामुळे ब्रिजटाऊनच्या ब्रॉड स्ट्रीटवरची गर्दी ओसरते. रविवारी तर गाव सुनं असतं. आणि 28 एप्रिलला राष्ट्रीय वीर दिन, 1 मेला कामगार दिन, त्या सुट्ट्यांना दुकानं उघडत नाहीत. मी नेमकी 28 ला सकाळी खरेदीला गेले आणि हात हलवत परत आले. पण बाकीच्या दिवशी चीपसाइडच्या मंडईत भाजीवाल्या बसलेल्या होत्या, स्वॉन स्ट्रीटवर गाणी लावलेली होती, केरीनेजच्या धक्क्यावर बोटी डुलत होत्या. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मला सावकाश सगळं दाखवणारा माणूस भेटला, कारण त्या दिवशी बघायला आम्ही चौघंच होतो. मूळ सिनेगॉग 1654 चं. वर म्हटलेल्या 1831 च्या वादळात ते कोसळलं आणि 1833 मध्ये पुन्हा उभं राहिलं. अंगणातलं जुनं स्नानकुंड 2008 मध्ये खोदताना सापडलं. गर्दीच्या दिवसांत हे असं निवांत बघायला मिळत नाही.

शेवाळाचा मुद्दा मात्र खोटा नाही, आणि ते मला नाइलाजाने लिहावं लागतंय. 2011 पासून सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्रशैवाल लाटांबरोबर ढिगाने येतं, वसंतात वाढत जातं आणि किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. दम्याच्या माणसाने त्याच्याजवळ जाऊ नये. पण ते आदळतं मुख्यतः पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यांवर. ब्रिजटाऊनला लागून असलेला कार्लाइल बे पश्चिमेकडे तोंड करून आहे. मी तिथे रोज सकाळी पोहले, तळाशी बुडवलेली जुनी जहाजं आहेत त्यांच्यावरून. सगळे किनारे सडलेत हे वाक्य लिहिणाऱ्याने बेटाचा नकाशाही उघडलेला नाही.

जेवण आणि पाणी: नळाचं पाणी प्रवाळी चुनखडीच्या थरांतून गाळून आलेलं असतं, स्थानिक लोक तेच पितात, मीही नऊ दिवस तेच प्यायले. खायला त्रिनिदादी धाटणीची रोटी मिळते, भाजलेलं ब्रेडफ्रूट, तळलेली केळी, तुरीचे दाणे घातलेला भात. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेला प्रकार, फक्त वरचा उडणाऱ्या माशाचा रस्सा नको म्हणून सांगा. आणि रस्त्यावर साखरेत घोळवलेले चिंचेचे गोळे मिळतात, ते आईला मी आणले तेव्हा तिने दोन दिवसांत संपवले होते.

आता तो मुद्दा, जो वाचून माझे हात थरथरले. "काळ्या लोकांची वस्ती." बार्बाडोसमध्ये दहातली नऊ माणसं आफ्रिकी वंशाची आहेत. ते त्यांचं घर आहे. ज्या माणसांना जहाजांत कोंबून आणलं, ज्यांना माल ठरवणारा गुलामगिरीचा कायदा 1661 मध्ये याच बेटावर लिहिला गेला आणि मग इतर वसाहतींनी उचलला, त्यांचेच हे वंशज. 1816 मध्ये ईस्टरच्या रविवारी, 14 एप्रिलला, बुसा या गुलामाच्या नावाने ओळखला जाणारा गुलामांचा उठाव इथे झाला. गुलामगिरी संपायला 1834 आणि खऱ्या अर्थाने सुटका व्हायला 1838 उजाडलं. ब्रिजटाऊनच्या मधोमध असलेला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा 2020 च्या नोव्हेंबरमध्ये उतरवला, आणि पुढच्या वर्षी 30 नोव्हेंबरला देश प्रजासत्ताक झाला. सोबर्स, वॉरेल, वीक्स, वॉलकॉट ही नावं आमच्या घरात देवासारखी घेतली गेली. ती माणसं त्याच वस्त्यांतून आली. त्यांच्या धावा चालतात आणि त्यांच्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही?

इथे कॅनडात आम्हाला बसमध्ये, पार्किंगमध्ये काय काय ऐकावं लागतं ते आमचं आम्हाला माहीत. तेच वाक्य दुसऱ्यासाठी आपल्या ग्रुपवर फिरतं आणि खाली हात जोडलेल्या इमोजी पडतात. मला याची लाज वाटली.

गुन्हे नाहीत असं मी म्हणत नाही. बंदुकीच्या घटना तिथेही होतात, रात्री उशिरा अनोळखी रिकाम्या रस्त्याने फिरू नये, दागिने घरी ठेवावेत. दादरला जी काळजी घेतो तीच. पण मी साडेतीन बार्बाडोस डॉलर देऊन गच्च भरलेल्या झेडआर व्हॅनमधून, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमधून, रोज गेले. पहिल्या दिवशी मुकाट्याने चढले तर एका आजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. नंतर कळलं की तिथे दुकानात किंवा गाडीत शिरताना आधी "गुड मॉर्निंग" म्हणायचं असतं, न म्हणणं हा उद्धटपणा. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आणि अख्ख्या गाडीने उत्तर दिलं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात साळसूद दिसतो आणि खिशाला सगळ्यात जास्त फटका देतो. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, हे खरं. पण भारतातून तिथे थेट विमान नाही, वाटेत कुठेतरी उतरावंच लागतं. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे जायचं तर ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिका-कॅनडासारख्या काही देशांचा वैध व्हिसा असेल तर सूट मिळू शकते. डोंबिवलीच्या आमच्याच इमारतीतल्या एका जोडप्याने गेल्या वर्षी "व्हिसा लागत नाही" एवढंच ऐकून लंडनमार्गे तिकिटं काढली आणि मुंबई विमानतळाच्या काउंटरवरून बॅगा घेऊन परत आले. काकू कितीतरी दिवस खाली उतरल्या नव्हत्या. आमच्यासारखे कॅनडातून जाणाऱ्यांनी पाहुण्यांचा कॅनडा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना ते आधी तपासावं. सिंगल असेल तर बार्बाडोसहून परत येताना दार बंद. आणि तिथून त्रिनिदाद किंवा गयानालाही जाऊन यायचा विचार असेल तर पीतज्वराची लस घेऊन दाखला जवळ ठेवा. नाहीतर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. बार्बाडोस त्या यादीत नाही, हे दोन देश आहेत.

इतक्या सूचना देणाऱ्या मेसेजमध्ये कामाच्या दोन गोष्टी मात्र नाहीत. किनाऱ्यावर मँचिनीलची झाडं असतात, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं लागतात, बऱ्याच ठिकाणी बुंध्याला लाल पट्टा मारलेला असतो. फळ विषारी, चीक कातडीला भाजतो, पावसात त्याच्याखाली उभंसुद्धा राहायचं नाही. आणि लष्करी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे बार्बाडोसमध्ये सामान्य माणसाने घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनीसुद्धा.

हे सगळं मी काल आईला फोनवर तासभर सांगितलं, तारखा लिहून घ्यायला लावल्या. बाबांनी फोन घेऊन एवढंच विचारलं की ओव्हलच्या आत जाऊन खेळपट्टी बघता येते का. मग पुन्हा आई आली. म्हटलं, तिकिटं राहू देत. बाबांची ती ट्रेकिंगची हिरव्या चट्ट्यांची टोपी तेवढी बॅगेतून काढून ठेव.